सृजनाची सावड

“ए गोरख, बनाबाईच्या खाचरात उद्या लावणी! सहाला ये, चहा पिऊन ये. तिथं येऊन चहा मागितलास तर चिखल पाजीन! आन बनाबाई, गुडघा दुखतोय ही सबब परवा झाली. उद्या दुसरी शोधून ठेव!”

चंद्राबाई आपल्या दारातून बोलतात आणि ओढ्यापलीकडच्या टेकाडावरून गोरख “व्हय, व्हय” करतो. मधे भाताची सात खाचरं आहेत. मोबाईल दोघांकडेही आहे. पण पासली गावाच्या वरच्या अंगाला जी ही दहा-बारा घरांची वाडी आहे, तिथे जुलै महिन्यात मोबाईलला कोणी विचारत नाही. चंद्राबाईंना विचारतात. कारण सावड त्यांच्या डोक्यात असते.

सावड म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या खाचरात यायचं, उद्या मी तुमच्यात येणार. मजुरी नाही, उपकार नाही. कोणाच्यात कधी जायचं हे चंद्राबाई ठरवतात आणि त्यावर कोणी ब्र काढत नाही. नियम एकच आणि तो कडक : घेतलं की द्यायचं. “नुसतं घेतो तो पाहुणा,” चंद्राबाई म्हणतात, “आन नुसतं देतो तो मालक. सावडीत पाहुणा पण न्हाई आन मालक पण न्हाई. समद्यांचे पाय चिखलातच.”

वय चौसष्ट. नऊवारीचा काचा मारलेला, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, आणि तोंडात मिश्रीचा काळा रंग. लावणीच्या ओळीत त्या मधोमध असतात. बाकीच्या बायका त्यांच्या हाताकडे बघून आपला हात चालवतात, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून आपलं तोंड बंद ठेवतात.

या बाईंच्या अंगणात सहा वर्षांपूर्वी एक तीन वर्षांची पोर येऊन बसली आणि उठलीच नाही.

वाडीच्या डोक्यावर पुण्याच्या एका माणसाचा बंगला आहे. तो राखायला नेपाळहून टिकाराम आला, बायको दिलमाया आली, आणि कडेवर सृजना. शनिवार-रविवार पाहुणे असायचे, दिलमाया स्वयंपाकात अडकायची. मग पोरीला खाली चंद्राबाईंकडे सोडायची. पोर अंगणात वाढली, कोंबड्यांमागे धावली, आणि बोलायला लागली ती थेट चंद्राबाईंसारखी. शाळेत नव्याने आलेल्या दिपाली मॅडमनी पहिल्या दिवशी तिच्यासमोर वाकून, एकेक शब्द सुटा करून विचारलं होतं, “बाळा, तुला, मराठी, समजतं का?”

सृजना म्हणाली, “समजतंय की. तुमीच लई हळू बोलताय.”

चंद्राबाई तिला ‘नेपाळे’ म्हणायच्या. आणि तिच्या बापाला, सगळी वाडी म्हणते तसं, ‘बहादूर’.

“ए नेपाळे, कोंबड्या झाकल्यास का?”

“झाकल्या. तांबडी न्हाई आली.”

“मग तिला काय पत्रिका धाडू? जा, शोधून आण!”

यात माया होती. ती त्या पोरीलाही कळत असावी, असं सगळे धरून चालले होते.

जुलैचा पहिला रविवार. रविवारी केळदच्या रस्त्याला धबधबे बघायला येणाऱ्या गाड्यांची रांग असते. सृजना आणि तिच्याच वर्गातली, चौथीतली, गोरखची वैष्णवी, दोघी दुकानातून बिस्किटाचा पुडा घेऊन परत येत होत्या. वळणावर मोरी आहे, ओढ्यावरचा बुटका पूल. तिथे दोन मोटारसायकली उभ्या होत्या आणि चार पोरं, विशीतली. एकाने मोबाईल वर धरला.

“ए चायनीज! इकडे बघ.”

सृजना चालत राहिली.

“नेपाळी आहेस का चायनीज?”

“मी हितलीच हाय,” सृजना म्हणाली.

तिच्या तोंडून ती भाषा ऐकून चौघं पोट धरून हसले. परत बोल म्हणाले. पुन्हा एकदा, कॅमेऱ्यात बघून. मग एकाला बघायचं होतं तिचे डोळे किती उघडतात. त्याने अंगठा तिच्या पापणीला लावला. सृजना त्याच्या हाताला चावली. त्याने ढकललं. मोरीच्या कठड्यावर तिची भुवई आपटली.

वैष्णवी तोवर बापाला आणायला धावली होती. गोरख काठी घेऊन पोचला तेव्हा गाड्या पुढच्या वळणाला लागल्या होत्या. एकीचा नंबर त्याला दिसला, शेवटचे दोन आकडे सोडून. पुडा तिथेच पडला होता आणि पोरगी कठड्याला टेकून बसली होती, दोन्ही हातांनी चेहरा झाकून.

हनुमंतच्या टेम्पोतून तिला वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तीन टाके. चंद्राबाईंनी अख्ख्या रस्त्यात पदर तिच्या कपाळावर दाबून धरला होता. पोलिसांत तक्रार दिली, गोरखने जबाब दिला, वैष्णवीनेही बापाचा शर्ट धरून दिला. ते काम त्याच्या वाटेने चाललं आहे. पण चंद्राबाईंच्या मनात एकच गोष्ट अडकून बसली. “रडली न्हाई,” त्या ज्याला त्याला सांगायच्या. “तीन टाके घातले, आन पोर रडली न्हाई हो.”

आठव्या दिवशी टाके निघाले. सृजना खोलीतून निघाली नाही. आईची ओढणी कपाळापासून हनुवटीपर्यंत गुंडाळून ती भिंतीकडे तोंड करून बसायची. आईशी नेपाळीत, तेही पुटपुटल्यासारखं बोलायची. मराठी तर बंदच झाली. वैष्णवी रोज दाराशी येऊन उभी राहायची आणि रोज परत जायची.

मग टिकाराम खाली आला. टोपी हातात.

“मावशी, महिना संपला की आमी जातो. सुरतला माझा साला हाय. मालकाला सांगितला.”

“सुरतेत काय माणसं न्हाईत?”

“हैत ना. पण तिथं तिला कोण ओळखत नाय. इथं सगळे बघतात. मायेनं बघतात, पण बघतात.” तो टोपी हातात फिरवत राहिला. “ती म्हणते, मला आरसा नको. आईनं आरसा काढून ठेवला. मावशी, नऊ वर्षांची पोरगी हाय.”

“आज तारीख किती?”

“चौदा.”

चंद्राबाईंनी मान हलवली. लावणी अर्धी व्हायची होती, महिनाही अर्धा उरला होता.

वाडीने आपल्याला जमेल ते केलं. अंडी गेली, गावरान कोंबडा गेला, तांदळाची बोरं गेली. एकाच दिवशी तीन बायकांनी, एकमेकींना न सांगता, वर जाऊन पोरीची दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुराने दिलमायाला एवढा ठसका लागला की चौथीने तिचीच दृष्ट काढली.

आणि हनुमंतने जे केलं ते हनुमंतच करू जाणे.

हनुमंतचा टेम्पो आहे. तो भाजी घेऊन कापूरहोळला जातो आणि येताना फ्लेक्स घेऊन येतो. वाडीत कोणी दहावी झालं, कोणाचं लग्न ठरलं, कोण वारलं, हनुमंतकडे सगळ्याला औषध एकच. स्वभावाने मऊ माणूस. त्या रविवारी पोरीला टेम्पोतून नेल्यापासून तिच्यासाठी काहीतरी मोठं केलं पाहिजे असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

गुरुवारी दिपाली मॅडम आणि चंद्राबाईंनी मिळून सृजनाला कसंबसं तयार केलं. नुसतं शाळेपर्यंत जायचं, फाटकाला हात लावायचा आणि परत. ओढणीत गुंडाळलेली सृजना चंद्राबाईंचं बोट धरून उतरली, मागे मॅडम. एसटीच्या थांब्यापाशी आली आणि थांबली.

समोर तिचा चेहरा होता. दहा फुटी. शाळेतल्या सव्वीस जानेवारीचा फोटो, हसून डोळ्यांच्या रेघा झालेल्या. वर लिहिलं होतं : ‘आमच्या वाडीची वाघीण’. खाली गोल गोल चौकटींत अकरा शुभेच्छुक आणि मधे गॉगल घातलेला हनुमंत. खुद्द हनुमंत शाल-श्रीफळ घेऊन उभा. बाजूला एक गाडी थांबली होती आणि गाडीतली बाई फ्लेक्सचा फोटो काढत होती.

सृजनाने बोट सोडलं. आल्या वाटेने ती अशी पळाली की मॅडमना तिच्यामागे धावताच आलं नाही.

हनुमंत म्हणाला, “काकी, सत्कार—”

“आधी ते उतरव.”

“काकी, पोरीचा मान वाढावा म्हणून—”

“हनम्या, ज्या तोंडावरनं पोरीला मारलं तेच तोंड तू दहा फुटाचं करून रस्त्याला टांगलंस! आन खाली स्वतःचं, गॉगल लावून!”

“मी शुभेच्छुक हाय, काकी.”

“व्हय. शुभेच्छा खिशात ठेव आन शिडी आण.”

हनुमंत शिडीवर चढला. दोऱ्या सोडताना त्याला हुंदका आला. वरूनच म्हणाला, “मला दुसरं काय येतंय हो, काकी? काय करावं, सांगा ना.”

चंद्राबाईंनी खालून शिडी धरली. त्यांची मान खाली गेली. कारण शाळेपर्यंत न्यायचं हेही त्यांनी आणि मॅडमनीच ठरवलं होतं. पोरीने नव्हे.

त्या दुपारी दिपाली मॅडमनी भोरला फोन लावला. तिथे मुलांशी बोलणाऱ्या, त्यांना समजून घेणाऱ्या एक बाई आहेत. बराच वेळ बोलणं झालं. फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, “त्या येणार आहेत पुढच्या आठवड्यात. पण तोपर्यंत एक सांगितलंय. म्हणाल्या, त्या पोरांनी तिच्या मनाविरुद्ध तिला धरलं, आणि तुम्ही सगळे मायेने तेच करताय. तिच्यासाठी तुम्ही ठरवू नका. तिला काय हवंय ते तिला ठरवू दे. अगदी लहानसं असलं तरी.”

“मंजी तिला इचारायचं?”

“हो. विचारायचं.”

“हे आमाला सुचलंच न्हाई की,” चंद्राबाई म्हणाल्या.

शनिवारी खाचरातलं काम आटोपून त्या तशाच, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, बंगल्यावर चढल्या. राखणदाराची खोली मागच्या बाजूला आहे. दार लोटलेलं होतं. त्या पायरीवर बसल्या.

“नेपाळे, ए नेपाळे. उघड गं दार.”

काही नाही.

“बरं, नको उघडू. नेपाळे, ऐकतीस का?”

आतून आवाज आला. बारीक, पण धारदार. तेरा दिवसांनी आलेली मराठी.

“तुमी पण तेच म्हणता.”

“काय म्हणलं म्या?”

“नेपाळे. त्यांनी पण तेच इचारलं. नेपाळी का चायनीज. मी म्हणलं मी हितली हाय, तर हासले. तुमी पण मला हितली म्हणत न्हाई.”

चंद्राबाईंच्या तोंडाला वाडीत कोणी कधी कुलूप घालू शकलं नव्हतं. त्या पायरीवर ते पडलं. चिखल पायांवर वाळायला लागला. त्या तो नखाने खरवडत बसल्या.

“चुकलं माझं,” शेवटी त्या म्हणाल्या. दाराला सांगावं तशा. “लई चुकलं. आन मला तर कळाय पायजे हुतं.”

आत हालचाल झाली.

“सोळाव्या वर्साला भोरच्या अंगानं हितं नांदायला आले. वाडीनं मला काय केलं म्हायतीय? भोरवाली. सासू म्हणायची, भोरवाले, पाणी आण. दीर म्हणायचा, भोरवालीला बोलवा. त्यात वंगाळ काय न्हवतं. मारत न्हवतं कोन. पण एकदा माझा भाऊ आला भेटाय. त्यानं दारातनं हाक मारली, चंद्रे म्हणून. आन सुर्जना, मी वळलेच न्हाई गं. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला मारली हाक.”

दाराच्या फटीत ओढणीचा निळा रंग दिसला.

“मंग?”

“मंग काय. अशी पंधरा वर्सं गेली. पुढं वाटण्या झाल्या, दोन खाचरं माझ्या हाती आली. पयल्यांदा सावड माझ्या नावावर लागली. सोनबा तवा तरणा हुता. टेकाडावरनं वरडला, उद्या चंद्राची सावड! आन सकाळी सगळी वाडी माझ्या चिखलात उभी. त्या दिसापास्नं चंद्रा. म्हातारी झाले तवा चंद्राबाई.”

“आन भोरवाली?”

“ती गेली बया भोरला परत. पाच वाजताच्या एसटीनं.”

आतून एक आवाज आला. हसू म्हणण्याइतका मोठा नव्हता.

“आता मला सांग,” चंद्राबाई म्हणाल्या, “आमी आपापलं ठरवत बसलो. तुला काय पायजे?”

उत्तर यायला इतका वेळ लागला की दिलमाया चहा करून घेऊन आली आणि पायरीवर ठेवून गेली. चहावर साय धरली.

“शाळंत जायचंय,” आतून आलं. “पण त्या वळणावरनं एकटीनं न्हाई. कोन तरी बरुबर पायजे. मोठं माणूस. पण त्यानं माझ्याकडं बघत बघत चालायचं न्हाई. फुडं बघून चालायचं. आन बिचारी म्हणायचं न्हाई.”

“मी येते की रोज.”

“तुमी न्हाई रोज. तुमचं काम ऱ्हातंय. रोज येगळं माणूस.”

चंद्राबाईंनी कप खाली ठेवला. “आगं, मंग ही तर सावड झाली. दहा घरं, दहा सकाळी. पण सावड फुकट नसती, बाई. तू कुणाची पाहुणी न्हाईस. प्रत्येक घराला तुला एकेक दिस द्यावा लागल.”

“मला लावणी कुठं येतीय?”

“रोपाच्या मुठी टाकता येत्यात का?”

“येत्यात.”

“फुडच्या रविवारी येशील?”

दार थोडं उघडलं. ओढणीतून दोन डोळे आणि भुवईवर तीन टाक्यांची गुलाबी खूण. “सृजना,” ती म्हणाली. “सुर्जना न्हाई. सृजना.”

“तेच की. सुर्जना.”

“राहू द्या,” सृजना म्हणाली.

खाली उतरताना फाटकापाशी टिकाराम भेटला. चंद्राबाई थांबल्या. “तुझं खरं नाव काय रं बाबा?” त्याने सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला कोणी विचारत होतं, आणि त्याला वाटलं काही कागद करायचा आहे. त्याने आधार कार्डासाठी खिशात हात घातला.

संध्याकाळी चंद्राबाई दारात उभ्या राहिल्या. “सोमवारपास्नं सकाळी सुर्जनाची सावड! शाळेपातुर जायचं, तिच्या बरुबर! पयलं घर गोरखचं! फुडं बघून चालायचं, आन बिचारी म्हणाल तर माझ्याशी गाठ हाय!”

टेकाडावरून आवाज आला, “कोन सुर्जना?”

दुसरा आवाज, “बहादूरची पोर गं.”

“बहादूर न्हाई!” चंद्राबाई कडाडल्या. “टिकाराम!”

सोमवारी गोरख आला, बरोबर वैष्णवी. गोरख नाकासमोर बघत चालला. मागे दोघी.

वळणाच्या अलीकडे सृजना म्हणाली, “तू पळालीस.”

“मी आप्पाला आणाय गेल्ते.”

“मला वाटलं तू पळालीस.”

“मी लई जोरात गेले. चप्पल पडली, तरी थांबले न्हाई.” वैष्णवी रडकुंडीला आली होती. “आन एक सांगू? रागावशील?”

“सांग.”

“एकदा दोरीउड्यांत तू जिंकलीस तवा मी तुला चिनी म्हणलं हुतं.”

“मला म्हायतीय.”

“आता न्हाई म्हणणार.”

“आन मी जिंकले तर?”

“तर तोंड वाकडं करीन. पण म्हणणार न्हाई.”

वळण आलं. गोरख न सांगता मोरीच्या बाजूने झाला. सृजनाने वैष्णवीचं मनगट धरलं, ते शाळेचं फाटक येईपर्यंत सोडलं नाही. वैष्णवीने दुपारी मॅडमना आपल्या मनगटावरच्या नखांच्या खुणा दाखवल्या. तक्रार म्हणून नव्हे. मॅडमनी त्या दिवशी गणित बाजूला ठेवलं. वर्गात कोणाकोणाला काय काय चिडवतात ते मुलांनाच सांगायला लावलं. एक तास पुरला नाही. ठेंगण्या, काळ्या, बोबड्या, चिनी. ज्याने चिडवलं त्याने उभं राहून सांगायचं, आणि ज्याला चिडवलं त्याने ठरवायचं आता काय म्हणायचं ते. सृजना बाकावरून उठली नाही. पण ओढणीच्या आतून तिने सगळं ऐकलं.

रोज एक घर. बनाबाई आल्या त्या गुडघ्याचा सगळा इतिहास सांगत. पोरीकडे बघायला त्यांना फुरसतच नव्हती. बुधवारी हनुमंत आला. टेम्पो घरी ठेवून, पायी. फाटकात त्याने दबक्या आवाजात विचारलं, “मी काय बोलू?”

“काय नका बोलू,” सृजना म्हणाली.

तो शब्दाने बोलला नाही. इतका समोर बघत चालला की म्हशीच्या शेणावर त्याचा पाय पडला. तरीही बोलला नाही. शाळेच्या फाटकाशी सृजनाच म्हणाली, “तात्या, पाय पुसा.” हनुमंतने ते तीन शब्द दिवसभर सगळ्या वाडीला सांगितली. परतफेडीचा पहिला दिवस आपल्या खाचरात हवा, हा मानही त्याने चंद्राबाईंकडून मागून घेतला.

शुक्रवारी भोरच्या बाई येऊन गेल्या. सृजनाशी बोलल्या, आईबापाशी बोलल्या, पुढच्या शुक्रवारी येते म्हणाल्या. निघताना चंद्राबाईंना म्हणाल्या, “वेळ लागेल हं. मागेपुढे होईल.”

“भाताला पण लागतोय की,” चंद्राबाई म्हणाल्या.

महिन्याचा शेवटचा रविवार. हनुमंतच्या खाचरात नऊ बायका ओळीने वाकलेल्या, मागे मागे सरकत लावत चाललेल्या. सृजना बांधावरून रोपाच्या मुठी टाकत होती. पहिल्या तासाभरात ओढणी भिजून जड झाली, हातात येऊ लागली, डोळ्यांवर घसरू लागली. दोनदा मूठ चुकली. तिसऱ्यांदा तिने ओढणी काढली आणि करवंदीच्या जाळीवर टाकली. कोणी मान वर केली नाही. चंद्राबाई वाकलेल्याच होत्या, पण त्यांचा हात एका रोपापाशी उगीच दोनदा गेला.

अकराच्या सुमारास टिकाराम आला आणि बांधावर उभा राहिला. गुरुवारी निघायचं ठरलं होतं. काही सामान बांधून झालं होतं.

तेवढ्यात रस्त्याला मोटारसायकली वाजल्या.

सृजना होती तिथून खाचरात उतरली आणि चंद्राबाईंच्या मागे चिखलात बसली. गुडघ्यात डोकं, दोन्ही हात चेहऱ्यावर. टिकाराम धावणार होता. चंद्राबाईंनी हात करून त्याला थांबवलं. त्या तिच्यावर वाकल्या नाहीत, तिला जवळही घेतलं नाही. नुसत्या सरळ उभ्या राहिल्या, रस्त्याकडे तोंड करून. शेजारी बनाबाई कंबर धरून उभ्या झाल्या. मग एकेक करून नऊच्या नऊ बायका, डोक्यावर गोण्या, हातात रोपं. गाड्या आल्या, गेल्या. मागे बसलेल्या एका पोराने या बायकांना उगाच हात हलवला. एकीनेही हलवला नाही.

चिखलातून आवाज आला, “गेले?”

“गेले.”

“किती हुते?”

“तीन गाड्या.”

“थांबले?”

“न्हाई.”

जरा वेळ ती तशीच बसली. मग उठली. तोंडावर, केसांवर, टाक्यांच्या खुणेवर चिखल. तिने बांधावरची मूठ उचलली आणि असेल नसेल त्या जोराने फेकली. ती बनाबाईंच्या पुढ्यात फाटकन आपटली.

“आगं ए सुर्जे! माझ्या तोंडात लावतीस का काय रोप?”

सगळी ओळ हसली. सृजनाही हसली, दात दिसेपर्यंत. डोळ्यांच्या रेघा झाल्या. टिकारामने ते बघितलं आणि मान वळवली. बराच वेळ तो ओढ्याकडे बघत होता.

मग हळूच म्हणाला, “बेटा, गुरुवारी आपल्याला—”

“बाबा, एकच घर झालंय,” सृजना म्हणाली. “अजून नऊ राहिलीत माझी.”

टिकारामने चंद्राबाईंकडे बघितलं. “मावशी, तिला सोडा ना त्यातनं. लहान हाय.”

“माझ्या हातात काय हाय? सावड तिची हाय. तिला इचार.”

“नऊ रविवार?” टिकाराम लेकीला म्हणाला. “तोपर्यंत लावणी संपते.”

“मंग तण काढायची बेणणी असती,” सृजनाने पुढची मूठ उचलली. “बेणणी झाली की कापणी. तुमाला काय म्हायती न्हाई, बाबा.” मग खालच्या आवाजात, “मला भ्या वाटतंय. पण ते सुरतंत पण वाटणार. तिथं माझ्या फुडं कोन उभं ऱ्हाणार?”

बायका लावत राहिल्या. चिखलात रोप खोचल्याचा बारीक आवाज येत होता. टिकारामने टोपी काढली, पुन्हा घातली. सामानापैकी कुठली गाठोडी आधी सोडायची याचा विचार करत असावा.

“मावशी,” तो म्हणाला, “गुरुवारी सकाळी शाळेला कुणाचं घर हाय?”

“सोनबाचं,” चंद्राबाई वर न बघता म्हणाल्या. “म्हातारा लई हळू चालतो. तिला जरा लवकर पाठव.”